फोनवरच्या जाहिराती काढल्या तरी पुन्हा येतात? परवानगी कुठे दिली गेलीय ते शोधा

"अरे, तो लाल पडदा पुन्हा आला बघ." गेल्या दिवाळीपासून वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, असा फोन मला चार वेळा आला. चारही वेळा तक्रार तीच. फोन उघडला की पानभर जाहिरात, आणि वरच्या पट्टीत ‘तुमच्या फोनमध्ये 13 व्हायरस सापडले, लगेच साफ करा’ असा लाल रंगातला संदेश. तो बाजूला सरकवला की पाच मिनिटांत दुसरा हजर.

मी साताऱ्याला गेलो की अर्धा तास बसायचो, अनोळखी दिसतील ती दोन-चार अॅप्स उडवायचो, फोन बंद-चालू करायचो. जाहिराती थांबायच्या. मी पुण्याला परतलो की पंधरा दिवस जेमतेम जायचे आणि पुन्हा तेच. मध्ये एकदा गल्लीतल्या मोबाइलवाल्याने 300 रुपये घेऊन फोन फॉरमॅट मारून दिला. तोही इलाज फार टिकला नाही.

चौथ्या वेळी मी ठरवलं की आता अॅप्स उडवायची नाहीत, आधी कारण शोधायचं. त्यात दोन दिवस गेले, पण दुखणं नेमकं कळलं. अशी जाहिरात आपोआप येत नसते. कुणीतरी, कधीतरी, कशाला तरी ‘अलाउ’ म्हटलेलं असतं, आणि ती परवानगी फोनमध्ये तशीच पडून असते. आपण दिसेल ते अॅप काढतो आणि परवानगीला हात लावत नाही. दुरुस्ती टिकत नाही ती त्यामुळे. पुढचं सगळं अँड्रॉइड फोनबद्दल आहे. मेन्यूंची नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात, पण सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत शब्द टाकला की जागा सापडते.

जाहिरात आली की लगेच बंद करू नका

सगळ्यांची पहिली चूक हीच होते. जाहिरात दिसली की आपण फुलीचं बटण शोधतो. पण जाहिरात पडद्यावर असते तेवढा वेळच ती कुणी पाठवली हे फोन स्वतः सांगतो.

जाहिरात वरच्या पट्टीत आली असेल तर तिच्यावर बोट दाबून धरा. ती कुठल्या अॅपकडून आली त्याचं नाव दिसेल. पानभर जाहिरात असेल तर खालचं चौकोनी बटण दाबा, किंवा बटणं नसलेल्या फोनवर खालून वर सरकवून बोट थांबवा. अलीकडे उघडलेल्या अॅप्सच्या चौकटी दिसतात त्यात सर्वांत पुढची चौकट बहुतेकदा जाहिरातीची असते, आणि तिच्यावर अॅपचं चिन्ह असतं. कधी ते चिन्ह कोरं पांढरं असतं, कधी सेटिंग्जसारखं दातेरी चाक लावून बसलेलं असतं. ते दाबून धरलं की ‘अॅप इन्फो’ उघडतं आणि खरं नाव कळतं.

जाहिरात निघून गेली असली तरी हरकत नाही. अँड्रॉइड 11 पासून सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सखाली ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ आहे. ती चालू करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. त्याच्या जोडीला ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडा, तिथे आज कुठलं अॅप किती वेळ पडद्यावर होतं याचा हिशेब असतो. अण्णांच्या फोनवर त्या दिवशी सकाळी अकरा वाजेपर्यंत टॉर्चच्या एका अॅपचा वापर 47 मिनिटं होता. लख्ख उजेडात 47 मिनिटं टॉर्च कोण वापरतं? आणि फोनला स्वतःची टॉर्च असताना वेगळं अॅप मुळात हवंच कशाला होतं? लाइट गेल्यावर कुणाच्या तरी सांगण्यावरून ते घेतलं होतं, एवढंच अण्णांना आठवत होतं.

मग त्या टॉर्चला काढलं. पानभर येणारी जाहिरात थांबली. ‘13 व्हायरस’ मात्र येतच राहिले, कारण ते टॉर्चचे नव्हतेच. एकाच फोनवर दोन वेगळी दुखणी होती आणि मी चार महिने त्यांना एकच समजत होतो.

‘व्हायरस सापडला’ म्हणणारी वेबसाइट

तो लाल संदेश दाबून धरला तेव्हा खाली नाव आलं क्रोमचं, आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात एका वेबसाइटचा पत्ता. म्हणजे कुठलंही अॅप गुन्हेगार नव्हतं. एका वेबसाइटला नोटिफिकेशन पाठवायची मुभा मिळाली होती.

ही सोय क्रोममध्ये 2015 च्या एप्रिलमध्ये, 42 व्या आवृत्तीत आली. हेतू चांगला होता, की ईमेल आली किंवा मोठी बातमी घडली तर ते पान उघडं नसतानाही कळावं. पण ज्याला ‘अलाउ’ मिळालं त्याला दिवसरात्र तुमच्या पट्टीत काहीही टाकता येतं. ही मुभा कुठून गेली ते पाहायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या शेजारी बसलो आणि मुद्दाम काही बोललो नाही.

सहा वाजता चहा झाला. अण्णांनी ‘आजचे पंचांग’ बोलून शोधलं, आलेल्या यादीतलं चौथं की पाचवं पान उघडलं. पान उघडताच मधोमध एक करडं वर्तुळ फिरू लागलं आणि त्याखाली लिहून आलं, ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’. वरती क्रोमची छोटी चौकट उघडली, ‘अलाउ’ आणि ‘ब्लॉक’. अण्णांचं बोट एका क्षणाचाही विचार न करता ‘अलाउ’वर गेलं. मी हात धरला तेव्हा ते म्हणाले, "ते दाबल्याशिवाय पुढं जाऊच देत नाही रे."

त्यांचं काय चुकलं? 35 वर्षं एसटीत नोकरी केलेला माणूस. जिथे सांगितलं तिथे सही करायची, जिथे सांगितलं तिथे शिक्का मारायचा, मगच गाडी पुढे जाते, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. पानाने त्याच सवयीचा फायदा घेतला. ही पानं बनवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांनी नेमकी शिस्तीने वागणारी माणसं हेरलेली आहेत.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. रोबोट नसल्याचं सिद्ध करण्यासाठी खरी वेबसाइट कधीच ‘अलाउ’ दाबायला सांगत नाही. ती फार तर चौकटीत टिक करायला सांगते किंवा चित्रांतले सिग्नल आणि बस निवडायला लावते.

आता उपाय. क्रोम उघडा, वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या वेबसाइटांची यादी दिसेल. अण्णांच्या यादीत 23 नावं होती आणि त्यांतली तीनच त्यांच्या ओळखीची. एकेक उघडून परवानगी काढा. आणि तेवढ्यावर थांबू नका, त्याच पानावर सर्वांत वर जो मुख्य खटका आहे तो बंद करा. तो बंद झाला की पुढे कुठलीही वेबसाइट विचारूच शकत नाही. यादी साफ करणं म्हणजे सांडलेलं पुसणं, नळ बंद होतो तो या खटक्याने. मी आधीच्या वेळी हे केलं नव्हतं, आणि फॉरमॅट मारणाऱ्यानेही केलं नव्हतं. फॉरमॅटनंतर यादी कोरी झाली, पण दुसऱ्याच दिवशी सकाळी पंचांगाचं तेच पान उघडलं गेलं.

माझं स्पष्ट मत आहे की घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर एकाही वेबसाइटला नोटिफिकेशनची गरज नसते. बातम्यांच्यासुद्धा नाही. बँक, गॅस, वीजबिल, सगळं एसएमएसवर किंवा त्यांच्या अॅपवर येतंच.

फोनमध्ये क्रोम हा एकच ब्राउझर असेल असंही धरू नका. बऱ्याच कंपन्या स्वतःचा ब्राउझर आधीच टाकून देतात आणि व्हॉट्सअॅपवरच्या लिंका त्यात उघडतात. तिथली यादी वेगळी असते. आमच्याकडे त्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये आणखी सहा वेबसाइटा निघाल्या. डीफॉल्ट ब्राउझर एकच ठेवा आणि दुसरा ‘डिसेबल’ करा.

आणि ते 13 व्हायरस? तो आकडा निव्वळ लिहिलेला असतो. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अॅपला स्वतःची बंद खोली असते. एका अॅपला दुसऱ्याची खासगी माहिती वाचता येत नाही. वेबसाइट तर ब्राउझरच्या खोलीतही एका कोपऱ्यात असते. तिला तुमच्या फोनमध्ये काय आहे हे तपासताच येत नाही. त्यामुळे वेबसाइटने दाखवलेला व्हायरसचा इशारा प्रत्येक वेळी खोटाच असतो. त्यात अपवाद नाही.

क्लीनर आणि बूस्टर आजच काढा

हा इशारा दाबला की पुढचं पान बहुतेक वेळा एखादं ‘क्लीनर’ घ्यायला सांगतं. अण्णांच्या फोनवर अशी तीन होती. एक फोन साफ करणारं, एक बॅटरी वाचवणारं आणि एक वेग वाढवणारं. तिघं मिळून दिवसभर संदेश पाठवत होती, की कचरा साठलाय, फोन तापलाय, बॅटरी कोण खातंय बघा.

या जातीच्या अॅप्सबद्दल मी अजिबात मवाळ नाही. मेमरीतून अॅप्स हाकलून फोनचा वेग वाढत नाही. गरज पडली की अँड्रॉइड स्वतःच जुनी अॅप्स बंद करतं, आणि तुम्ही जबरदस्तीने बंद केलेली अॅप्स अनेकदा पुन्हा सुरू होतात, त्यात बॅटरी उलट जास्त जाते. बंद खोलीच्या नियमामुळे दुसऱ्या अॅपच्या आतला कचराही त्यांना काढता येत नाही. मग ती राहतात कशासाठी? पडद्यावर जाहिरात दाखवायला जागा मिळावी म्हणून.

29 जून 2020 ला केंद्र सरकारने 59 अॅप्सवर बंदी घातली. टिकटॉकची चर्चा एवढी झाली की बाकीची नावं कुणी वाचलीच नाहीत. त्या यादीत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, डीयू बॅटरी सेव्हर आणि व्हायरस क्लीनर ही नावंही होती. बंदीचं कारण सुरक्षेचं आणि माहितीचं होतं, जाहिरातींचं नव्हतं. पण घराघरातल्या फोनवर अशी किती अॅप्स बसली होती याची कल्पना त्या यादीवरून येते. ती गेली, आता त्यांच्या जागी नव्या नावांची आली आहेत.

जागा खरोखरच भरली असेल तर गूगलचं फाइल्स अॅप किंवा फोनचं स्वतःचं स्टोरेजचं पान पुरतं. आणि बहुतेक घरांत जागा खाल्लेली असते ती व्हॉट्सअॅपवर आलेल्या सुप्रभातच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन मोठ्या फाइली पुसा, आणि मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा.

दुसऱ्या अॅपवर चढून बसणारी अॅप्स

फोन उघडताच पानभर जाहिरात येते तिच्यामागे बहुतेकदा ‘डिस्प्ले ओव्हर अदर अॅप्स’ ही परवानगी असते. सेटिंग्ज, अॅप्स, स्पेशल अॅप अॅक्सेस इथे ती सापडते. यादी उघडा आणि प्रत्येक नावाला विचारा, की याला दुसऱ्याच्या डोक्यावर बसायची गरज काय? फोन कुणाचा आला ते दाखवणाऱ्या अॅपचं समजू शकतो. वॉलपेपर, कीबोर्डची नक्षी, क्यूआर स्कॅनर, स्टेटस उतरवून घेणारं अॅप, यांतल्या कुणालाही ती नको. काढूनच टाका.

‘प्ले स्टोअरवरून घेतलं होतं, मग वाईट कसं असेल’ असं अण्णांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण 2020 च्या फेब्रुवारीत गूगलने स्वतःच जवळपास 600 अॅप्स प्ले स्टोअरवरून काढली, ती नेमकी अशा अवेळी अंगावर येणाऱ्या जाहिरातींसाठी. तोवर ती तिथेच होती. प्ले स्टोअर बाहेरच्यापेक्षा पुष्कळ बरं, पण तिथलं सगळंच डोळे मिटून घ्यावं असं नाही.

अॅप काढताना ‘अनइन्स्टॉल’चं बटण फिकट झालेलं असेल, दाबलंच जात नसेल, तर बहुतेकदा त्याने ‘डिव्हाइस अॅडमिन’चा, म्हणजे फोनवर खास ताबा ठेवायचा, हक्क घेतलेला असतो. सेटिंग्जच्या शोधपट्टीत तेच शब्द टाका, त्या अॅपचा हक्क काढा, मग ते निघेल. जाहिराती काहीच करू देत नसतील तर सेफ मोड वापरा. पॉवरचं बटण दाबून आलेल्या मेन्यूत ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की बऱ्याच फोनवर सेफ मोडचं विचारतात. त्यात बाहेरून घेतलेलं एकही अॅप चालत नाही. तिथे जाहिराती थांबल्या तर दोष घेतलेल्या अॅपचा हे नक्की झालं, आणि शांतपणे एकेक काढता येतं.

त्याच सेटिंग्जमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’ही पाहा. ही परवानगी दृष्टी कमी असलेल्यांना पडदा वाचून दाखवण्यासारख्या कामासाठी आहे. ज्याला ती मिळते ते अॅप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. क्लीनर किंवा टॉर्च या यादीत ‘ऑन’ दिसलं तर तुमचं दुखणं आता जाहिरातींचं उरलेलं नाही. पुढचा भाग लक्ष देऊन वाचा.

व्हॉट्सअॅपवरून आलेली एपीके फाइल

आरटीओचं चलन, लग्नपत्रिका, पीएम किसानचा हप्ता, बँकेचं केवायसी, अशा नावाने फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते, एपीकेमध्ये कधीच येत नाही. एपीके म्हणजे थेट अॅप. ती टाकली आणि तिने एसएमएस वाचायची परवानगी घेतली, तर तुमचा ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतो.

अशी फाइल टाकली गेली असेल तर जाहिराती नंतर बघा. आधी एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा, तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून *#21# फिरवलं की तुमचे सगळे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का (कॉल फॉरवर्डिंग) ते कळतं, आणि ##002# ने सगळं रद्द होतं. व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहा, अनोळखी काही दिसलं तर बाहेर काढा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून.

इथे फॉरमॅट मारणं बरोबर आहे. फक्त फोन नव्याने सुरू होताना जुन्या बॅकअपमधली सगळी अॅप्स परत आणायला फोन विचारतो, तिथे ‘हो’ म्हणू नका. मोबाइलवाल्याने अण्णांचा फोन साफ केला तेव्हा नेमकं हेच झालं होतं. टॉर्च आणि तिन्ही क्लीनर जुन्या खात्यातून पुन्हा येऊन बसले. फोटो आणि संपर्क आणा, अॅप्स मात्र हाताने एकेक टाका.

पुढे हे होऊ नये म्हणून ‘इन्स्टॉल अननोन अॅप्स’, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरची अॅप्स टाकायची परवानगी, उघडा. 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून ही परवानगी प्रत्येक अॅपला वेगळी मिळते. व्हॉट्सअॅप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांची बंद ठेवा. आणि प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे अॅप्स तपासणारी गूगलची सोय, चालू आहे ना ते पाहा, कारण अशी फाइल पाठवणारे आधी तेच बंद करायला सांगतात.

उरलेलं

काहीजण ‘प्रायव्हेट डीएनएस’ लावून, म्हणजे वेबसाइटांचे पत्ते शोधून देणारी सेवा बदलून, जाहिराती अडवायला सांगतात. मी स्वतः वापरतो, चांगलं आहे. पण वर सांगितलेली साफसफाई न करता ते लावू नका. जाहिराती दिसेनाशा होतील आणि टॉर्च आत तशीच बसून राहील.

काही जाहिराती मात्र फोन बनवणाऱ्याच्याच असतात. लॉक स्क्रीनवर बदलती चित्रं आणि बातम्या, ‘हॉट अॅप्स’ असलं फोल्डर, फाइल मॅनेजरमध्येसुद्धा ‘शिफारशी’. ही अॅप्स सहसा काढता येत नाहीत. लॉक स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये आणि प्रत्येक सिस्टीम अॅपच्या आत जाऊन ‘रेकमेंडेशन्स’ बंद करावं लागतं. ग्राहकाने पूर्ण पैसे मोजलेल्या वस्तूवर कंपनीने जाहिरात लावणं मला गैर वाटतं, आणि पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी मी हे विचारणार आहे.

अण्णांचा फोन आता शांत आहे, तीन महिने झाले. पंचांगाचं एक चांगलं पान शोधून त्याचं चिन्ह मुख्य पडद्यावर ठेवून दिलं, त्यामुळे रोज शोधायची वेळ येत नाही. आणि एक ठरवलं, की ‘अलाउ’ दिसलं की दाबायचं नाही, आईच्या फोनवरून त्या पडद्याचा फोटो काढून मला पाठवायचा. आठवड्याला एखादा येतो, मी लगेच उत्तर देतो. उशीर केला तर ते विचारणं सोडून देतील.

फक्त गेल्या महिन्यात फोनचं मोठं अपडेट आलं आणि मी बंद केलेल्या शिफारशींपैकी दोन पुन्हा चालू झालेल्या दिसल्या. म्हणून प्रत्येक अपडेटनंतर लॉक स्क्रीन, फाइल मॅनेजर आणि क्रोमचा तो मुख्य खटका पुन्हा एकदा पाहून घ्या.